सिंगलटनऐवजी डिपेन्डन्सी इंजेक्शन: मोबाइल ॲप करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण या पट्ट्यात मोबाइल ॲपचं काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या मुलांकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून हे पान. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: हर्णैसारख्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीचं ॲप. त्यात भरतीची वेळ दिसते, लिलावाचे भाव भरले जातात, होड्यांची ये-जा नोंदवली जाते आणि पावसाळी बंदीत यांत्रिक होडी समुद्रात गेल्याची नोंद ॲप घेत नाही. ॲप कल्पनेतलं आहे, पण त्यातल्या अडचणी रोजच्या कामातल्याच आहेत.

सिंगलटन म्हणजे नेमकं काय, आणि तो जिथे तिथे का दिसतो?

एखाद्या क्लासचा अख्ख्या ॲपमध्ये एकच ऑब्जेक्ट असतो आणि तो कुठूनही थेट नावाने मागता येतो, या रचनेला सिंगलटन म्हणतात. 1994 साली डिझाइन पॅटर्न्सची, म्हणजे कोड रचण्याच्या ठरावीक पद्धतींची, जी यादी जगभर गाजली, तिच्यात हा होता. ॲन्ड्रॉइडच्या कॉटलिन भाषेत क्लासच्या जागी ऑब्जेक्ट लिहिलं की काम झालं. आयफोनच्या स्विफ्ट भाषेत स्टॅटिक लेट शेअर्ड ही एक ओळ पुरते. दोन्हीकडे तो पहिल्यांदा लागेल तेव्हाच तयार होतो, आणि दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम धावून आले तरी एकदाच तयार होतो. ही काळजी भाषाच घेते. लिहायला इतकं सोपं असल्यावर हात तिकडेच वळणार.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या यादीच्या चार कर्त्यांपैकी एरिक गामा यांनी 2009 च्या एका मुलाखतीत सिंगलटन यादीतून काढायला हरकत नाही, असं मत दिलं होतं.

मग त्यात वाईट काय? आमचं ॲप तर नीट चालतंय.

ॲप चालतं, पण ते बदलायला आणि तपासायला घेतलं की अडतं. जवळून बघू.

भरतीची वेळ काढणारा एक क्लास आहे, त्याला भरतीगणक म्हणू. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब सगळ्यांना माहीत असतो: तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हा हिशेब रोजचा फरक 45 मिनिटं धरतो आणि प्रत्यक्षात भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणून ॲपमध्ये भरतीच्या वेळापत्रकाचे आकडे वापरायचे आणि पाऊणपटीचा हिशेब फक्त ढोबळ पडताळणीला ठेवायचा.

आता या भरतीगणकाचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन, रिकामा आहे. बाहेरून वाटतं, याला काहीच लागत नाही. आत डोकावलं तर तो फोनच्या घड्याळाला वेळ विचारतो, नेटवर्कच्या सिंगलटनकडून वेळापत्रक मागवतो, डेटाबेसच्या सिंगलटनमध्ये ते साठवतो आणि लोकेशनच्या सिंगलटनकडून बंदर कुठलं ते काढतो. म्हणजे चार गोष्टी लागतात आणि चारही लपलेल्या आहेत. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला अष्टमीची एक साधी टेस्ट लिहायची असेल, तर तिला अष्टमी उजाडेपर्यंत थांबावं लागेल किंवा फोनची तारीख बदलावी लागेल. हे मला अजिबात पटत नाही. गणित दोन ओळींचं आणि ते तपासायला अख्खं ॲप उभं करायचं.

दुसरी अडचण जास्त महागात पडते. सोसायटीचा फोन एकच असतो. सकाळी एक कारकून लॉगिन करतो, संध्याकाळी दुसरा. लॉगिन झालेल्या माणसाचं नाव सेशन नावाच्या सिंगलटनमध्ये आहे. लॉगआउट करताना त्यातली पाच फील्ड रिकामी केली आणि सहावं राहिलं, तर संध्याकाळच्या लिलावाची नोंद सकाळच्या माणसाच्या नावावर पडते. सिंगलटन ॲप चालू असेपर्यंत जगतो आणि लॉगिनचा काळ त्याहून लहान असतो. जगण्याचा काळ जुळत नाही तिथे उरलेला डेटा मागे राहतोच.

तिसरी गोष्ट ॲन्ड्रॉइडची. सिंगलटनमध्ये ॲक्टिव्हिटीचा (म्हणजे एका स्क्रीनचा) कॉन्टेक्स्ट धरून ठेवला की ती स्क्रीन बंद झाली तरी मेमरीतून सुटत नाही. लीककॅनरी हे मेमरी गळती शोधणारं साधन लावून बघा, लगेच कळेल.

डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

होडी समुद्रात जायच्या आधी बर्फ, डिझेल, जाळी, शिधा सगळं धक्क्यावरच चढवतात. तांडेल भर समुद्रात बर्फ शोधत फिरत नाही. क्लासच्या बाबतीत हेच करायचं: त्याला जे लागतं ते तयार होतानाच बाहेरून द्यायचं, म्हणजे कन्स्ट्रक्टरमधून. भरतीगणकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये घड्याळ, वेळापत्रक आणि बंदर लिहिलं की त्याला काय लागतं ते पहिल्या ओळीतच वाचता येतं.

बस, मूळ कल्पना एवढीच. मार्टिन फाउलर यांनी 2004 मधल्या लेखात या पद्धतीचं हे नाव रूढ केलं. नाव भारदस्त आहे म्हणून लोक घाबरतात. कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर देणं सगळ्यांनाच येतं.

डेटाबेस तर एकच हवा ना? मग सिंगलटन नको असं का म्हणता?

सगळ्यात जास्त गोंधळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

डेटाबेस एकच हवा, हे शंभर टक्के खरं. रूम या ॲन्ड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीचा ऑब्जेक्ट तयार करणं खर्चिक असतं आणि एका प्रोसेसमध्ये दोन असण्याची सहसा गरज नसते. ओकेएचटीटीपी या नेटवर्क लायब्ररीच्या प्रत्येक क्लायंटला स्वतःचा कनेक्शन पूल आणि थ्रेड पूल असतो, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लायंट काढणं म्हणजे बॅटरी आणि मेमरी उधळणं. एकच ऑब्जेक्ट असण्यावर माझा काहीही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो एक असण्याचा हट्ट क्लासने स्वतः धरण्यावर, आणि कुणीही कुठूनही त्याला हात घालण्यावर. डेटाबेसचा क्लास साधा ठेवा. तो किती वेळा तयार करायचा हे ॲप सुरू होताना जिथे सगळं जोडलं जातं तिथे ठरवा. तिथे एकदाच तयार करा आणि तोच ऑब्जेक्ट ज्याला लागेल त्याला द्या. खऱ्या ॲपमध्ये एक, आणि टेस्टमध्ये प्रत्येक टेस्टला नवा, मेमरीतला. क्लासला याचा पत्ताही लागत नाही.

ॲन्ड्रॉइडवर ही जोडणी करून देणाऱ्या हिल्ट या लायब्ररीत सिंगलटन नावाचं ॲनोटेशन आहे, ते हेच काम करतं. त्याच्या नावामुळे मुलं विचारतात की हे तर पुन्हा तेच झालं. तसं नाही. तिथे एकाच ऑब्जेक्टची हमी कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करून जोडणारा भाग, देतो, आणि वापरणाऱ्याला तो कन्स्ट्रक्टरमधूनच मिळतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: हिल्टमध्ये कुठलाच स्कोप (ऑब्जेक्ट किती काळ जगेल ते) लिहिला नाही तर मागाल तेव्हा नवा ऑब्जेक्ट मिळतो. डेटाबेसवर ॲनोटेशन विसरलात तर गुपचूप तीन-चार डेटाबेस उघडतील.

टेस्टमध्ये एवढा काय फरक पडतो?

पावसाळी बंदीचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ॲपने 31 मेच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी नोंद घ्यायला हवी आणि पुढच्या मिनिटाला नाकारायला हवी. 31 जुलैच्या मध्यरात्री याच्या उलट. हे चार क्षण तपासायचे आहेत.

कोडमध्ये थेट आत्ताची वेळ विचारली असेल तर हे चार क्षण वर्षातून एकेकदा येतात. घड्याळ बाहेरून दिलं असेल तर चार टेस्ट एका सेकंदाच्या आत होतात. जावाच्या टाइम पॅकेजमध्ये क्लॉक नावाचा क्लास यासाठीच आहे, त्याचा फिक्स्ड प्रकार दिलेल्या क्षणावर थांबलेलं घड्याळ देतो. स्विफ्टमध्ये तारीख परत करणारं एक साधं क्लोजर दिलं तरी भागतं. टाइम झोन मात्र घड्याळासोबत स्पष्ट द्या. फोन दुबईच्या वेळेवर राहिलेला असेल तर बंदी दीड तास उशिरा सुरू होईल, आणि आपल्याकडे आखातातून सुट्टीवर आलेले फोन कमी नाहीत.

नेटवर्कचंही तसंच. कोकण रेल्वेने जाताना करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. भाव अपलोड होत असताना गाडी त्यात शिरली तर काय व्हावं? अर्धी नोंद गेली, उत्तर आलंच नाही, बाहेर आल्यावर ॲपने तीच नोंद पुन्हा पाठवली, आणि सर्व्हरवर एकाच पापलेटच्या लॉटच्या दोन नोंदी झाल्या. हा दोष शोधायला कुणी गाडीत बसून जात नाही. नेटवर्कच्या इंटरफेसचा एक फेक, म्हणजे टेस्टपुरता नकली क्लास, लिहायचा, जो डेटा घेतो पण उत्तराच्या जागी टाइमआउट देतो. वीस ओळींचं काम आहे. मग प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा आयडी द्यायचा, तो पुन्हा आल्यास सर्व्हरने दुसरी नोंद करायची नाही, आणि टेस्टमध्ये दोन्ही वेळा तोच आयडी गेला का ते बघायचं.

नकली ऑब्जेक्ट आपोआप बनवणाऱ्या मॉक लायब्ररीपेक्षा मला असे हाताने लिहिलेले फेक आवडतात. ते वाचता येतात आणि आतली रचना बदलली तरी मोडत नाहीत. शिवाय टेस्ट एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. स्विफ्टचं नवं टेस्टिंग फ्रेमवर्क टेस्ट मुळातच समांतर चालवतं. दोन टेस्ट एकाच शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये लिहायला लागल्या की कधी पास, कधी नापास, आणि कारण सापडत नाही.

कॅमेऱ्यातून परत आल्यावर ॲप क्रॅश होतं. याचा सिंगलटनशी संबंध आहे का?

बहुतेक वेळा असतो. कारकून मासळीचा फोटो काढायला कॅमेरा उघडतो. फोन दोन-तीन जीबी रॅमचा असतो. सिस्टिम मागे गेलेल्या ॲपची प्रोसेस मारते. तो परत येतो तेव्हा ॲन्ड्रॉइड त्याला थेट त्याच फॉर्मवर आणून सोडतं, लॉगिन स्क्रीन मध्ये येतच नाही. पण सेशन सिंगलटन लॉगिन स्क्रीनवर भरला जात होता. नव्या प्रोसेसमध्ये तो रिकामा, म्हणून नल आणि क्रॅश.

इथे नीट समजून घ्या: डिपेन्डन्सी इंजेक्शन वापरलं तरी प्रोसेस गेली की कंटेनरमधले ऑब्जेक्ट जातातच. टिकायला हवं ते डिस्कवर हवं: रूममध्ये किंवा डेटास्टोअर या छोट्या साठ्यात. स्क्रीनपुरतं असेल तर ते सिस्टिम जपून ठेवते त्या सेव्ह्ड स्टेट हँडलमध्ये. इंजेक्शनचा फायदा वेगळा आहे. सेशनचा डेटा सांभाळणाऱ्या रिपॉझिटरीला डेटास्टोअर कन्स्ट्रक्टरमधून मिळत असेल तर ती अर्धवट तयार होऊच शकत नाही. आधी अमुक स्क्रीनवर जाऊन इनिट बोलवा, ही अट संपते. तपासायचं असेल तर ॲप मागे टाकून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) प्रोसेस मारा आणि परत उघडा.

ॲन्ड्रॉइडवर डॅगर, हिल्ट, कॉइन यातलं काय घ्यावं?

नवीन ॲप, फक्त ॲन्ड्रॉइड: हिल्ट. डॅगर मुळात स्क्वेअर कंपनीने 2012 मध्ये आणलं, पुढे गूगलने दुसरी आवृत्ती केली, आणि 2020 मध्ये तिच्यावर हिल्ट आलं. यांचा मोठा फायदा म्हणजे एखादी वस्तू द्यायची राहिली तर कंपाइल होतानाच अडतं. एरर लांबलचक येतात, वाचायला त्रास होतो, पण त्या तुमच्या टेबलावर येतात, बंदरावर नाही.

कॉइन लिहायला हलकं आहे आणि कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये चालतं, म्हणून आयफोन आणि ॲन्ड्रॉइडचं सामाईक कोड असेल तर त्याचा विचार करा. ते जोडणी रनटाइमला करतं. त्यामुळे मॉड्यूल तपासणारी त्याची व्हेरिफाय टेस्ट पहिल्या दिवसापासून लावा.

हिल्टमुळे बिल्ड हळू झाला अशी तक्रार असते. बिल्डच्या वेळी कोड लिहून देणारं जुनं केॲप्ट अजून वापरत असाल तर त्याच्या जागी आलेल्या केएसपीवर जा.

लायब्ररीशिवाय जमतं का?

जमतं, आणि शिकणाऱ्याने पहिलं ॲप असंच करावं असं माझं ठाम मत आहे. ॲप्लिकेशन क्लासमध्ये ॲपकंटेनर नावाचा एक साधा क्लास ठेवा. त्यात डेटाबेस, नेटवर्क क्लायंट, रिपॉझिटरी क्रमाने तयार करा. व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा सांभाळणारा क्लास) तयार करणाऱ्या फॅक्टरीला त्यातून हवं ते द्या. चार-पाच स्क्रीनच्या ॲपला एवढं पुरतं. हाताने जोडलेलं असलं की हिल्ट आपल्यासाठी नेमकं काय लिहून देतं ते नंतर डोळ्यांसमोर दिसतं.

आयफोनवर तर ॲपलच शेअर्ड वापरतं. मग आम्ही का नको?

यूआरएलसेशन, यूजरडिफॉल्ट्स, फाइलमॅनेजर या सगळ्यांचे तयार सामाईक ऑब्जेक्ट ॲपलने दिलेले आहेत, बरोबर. ते वापराच. फक्त प्रत्येक क्लासच्या पोटात शिरून वापरू नका. आपल्याला लागणारी दोन-तीन फंक्शन एका प्रोटोकॉलमध्ये लिहा, आणि इनिशियलायझरला तो प्रोटोकॉल पॅरामीटर म्हणून द्या.

स्विफ्ट 6 आल्यापासून आणखी एक कारण आहे. सेंडेबल नसलेल्या, म्हणजे एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे सुरक्षितपणे देता न येणाऱ्या, क्लासचा स्टॅटिक शेअर्ड ऑब्जेक्ट स्विफ्ट 6 च्या लँग्वेज मोडमध्ये कंपाइलर चालू देत नाही, कारण तो कुठल्याही थ्रेडवरून बदलता येतो. लोक तिथे अनसेफ लिहून तोंड बंद करतात. कंपाइलरने दाखवलेला धोका खरा आहे, तो तसा झाकू नये.

स्विफ्टयूआयमध्ये एन्व्हायरन्मेंट ऑब्जेक्ट सोयीचा आहे, पण वरच्या व्ह्यूने तो द्यायचा राहिला तर ॲप चालू असताना क्रॅश होतं. स्वतःच्या एन्व्हायरन्मेंट कीला डीफॉल्ट किंमत देता येते, ते जास्त सुरक्षित.

फ्लटरमध्ये गेट-इट वापरतो. ते डिपेन्डन्सी इंजेक्शनच ना?

वापरण्यावर आहे. गेट-इट हा सर्व्हिस लोकेटर आहे, म्हणजे कुठूनही वस्तू मागायची सामाईक जागा. प्रत्येक विजेटच्या आत त्याला हाक मारली तर गरजा पुन्हा लपल्या, नाव फक्त बदललं. तेच गेट-इट एकाच जागी, ॲप सुरू होताना, कन्स्ट्रक्टर भरायला वापरलं तर चांगलं चालतं. रिव्हरपॉड ही फ्लटरची दुसरी लायब्ररी घेतली तर टेस्टमध्ये प्रोव्हायडर (वस्तू पुरवणारा भाग) बदलायची सोय आयती मिळते.

जुन्या ॲपमध्ये शेकडो ठिकाणी शेअर्ड आहे. सुरुवात कुठून करू?

सगळं एकदम उपटायला जाऊ नका. एक सिंगलटन निवडा, आणि माझं ऐकाल तर घड्याळापासून सुरुवात करा. ते सगळ्यात लहान असतं आणि टेस्टचा फायदा लगेच दिसतो.

क्लास नेमकं काय वापरतो त्याचा छोटा इंटरफेस काढा. सिंगलटनमध्ये तीस फंक्शन असतील आणि या क्लासला दोनच लागत असतील तर इंटरफेसमध्ये दोनच घ्या. मग कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर जोडा आणि त्याची डीफॉल्ट किंमत म्हणून जुना सिंगलटनच ठेवा. कॉटलिन आणि स्विफ्ट दोन्हीत हे चालतं. बाकीच्या ॲपमधली एकही ओळ बदलत नाही, बिल्ड हिरवा राहतो, आणि त्याच दिवशी टेस्टमध्ये फेक देता येतो. एक लहान पुल रिक्वेस्ट, एक टेस्ट, आणि पुढचा क्लास.

सगळे वापरणारे अशा वाटेने आले की डीफॉल्ट किंमत काढून टाका. आता कंपाइलरच सांगेल कुठे द्यायचं राहिलं. शेवटी सिंगलटनची स्टॅटिक ओळ काढा आणि तो ऑब्जेक्ट कंटेनरमध्ये तयार करा. लोक इथे घाई करतात आणि डीफॉल्ट किंमत वर्षानुवर्षं राहते. ती राहिली तर नवीन कोड नकळत जुन्याच वाटेने जातो, म्हणून तारीख ठरवून ती काढाच.

सेशन मात्र शेवटी घ्या. त्यात डेटा बदलत असतो, बरेच क्लास त्याला चिकटलेले असतात, आणि त्याला लॉगिनपुरता स्वतंत्र स्कोप हवा असतो. हिल्टमध्ये त्यासाठी स्वतःचा कंपोनंट लिहावा लागतो. लॉगआउट झालं की तो कंपोनंटच टाकून द्यायचा, फील्ड एकेक पुसत बसायचं नाही.

वेळही बघा. हापूसच्या ऑर्डर घेणाऱ्या ॲपला एप्रिल-मेमध्ये हात लावू नका. बंदराच्या ॲपला बंदीचे दोन महिने उत्तम, म्हणजे 1 ऑगस्टला होड्या बाहेर पडतील तोवर बदल मुरलेला असतो.

कन्स्ट्रक्टरमध्ये नऊ पॅरामीटर झाले. आता?

ते नऊ आधीही होते, फक्त दिसत नव्हते. आता क्लास फोडा. लिलाव नोंदवणं, भाव दाखवणं आणि फोटो पाठवणं एकाच व्ह्यूमॉडेलमध्ये असेल तर ती तीन कामं आहेत. पॅरामीटर कमी दिसावेत म्हणून सगळे एका डिपेन्डन्सीज नावाच्या गाठोड्यात बांधून पाठवू नका.

लॉगरही इंजेक्ट करायचा का?

मी करत नाही. डीबग लॉगचा निकालावर परिणाम होत नाही, टेस्टमध्ये तो बदलायची गरज पडत नाही, आणि प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये तो आला की वाचणाऱ्याला कामाचं काही दिसत नाही. टिंबरसारखा सामाईक लॉगर थेट वापरा. तसंच शुद्ध गणिताची फंक्शन, रुपये छापायचा फॉरमॅट, स्थिर किमती, हे इंजेक्ट करून काही मिळत नाही. ॲनालिटिक्सचं मात्र तसं नाही: कुठला इव्हेंट कधी गेला हे टेस्टमध्ये बघावं लागतं, तेव्हा ते कन्स्ट्रक्टरमधूनच द्या.